हिमाखालची भूमी आणि भूकंपलहरींची साक्ष : एक चिकित्सक आढावा

सारांश

हिमनदीचा तळ प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्यामुळे पृष्ठभागावर कृत्रिम धक्का देऊन तळावरून परतणाऱ्या लहरींच्या आधारे तेथील भूमीचे स्वरूप ठरविण्याची पद्धत सुमारे शंभर वर्षांपासून वापरली जात आहे. प्रस्तुत लेखात पश्चिम अंटार्क्टिकातील 'बी' या हिमप्रवाहाविषयी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन केंद्रस्थानी ठेवून या पद्धतीची चिकित्सा केली आहे. भूकंपलहर तळाचा पदार्थ कोणता हे विश्वसनीयपणे सांगते. मात्र तो पदार्थ कसा वागतो हे ती स्वतः सांगत नाही. या दोन विधानांमधील अंतर अभ्यासकांनी वेळोवेळी दुर्लक्षिले असून समुद्रपातळीच्या भाकितांवर त्याचा थेट परिणाम होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हिमप्रवाह, भूकंपलहरी, परावर्तन, तळगाळ, वेधन, समुद्रपातळी

प्रस्तावना

भूकंपलहर हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर तो आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि बोलण्यातही रुळला. मात्र भूकंपलहर म्हटले की आपल्या मनात विनाशाचे चित्र उभे राहते. तीच लहर मोजमापाचे साधन म्हणून वापरता येते, ही गोष्ट भूशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच पोहोचते. खनिज तेलाच्या शोधात या साधनाचा उपयोग सर्वज्ञात आहे. हिमनद्यांच्या अभ्यासातील त्याचा उपयोग तितकाच जुना असूनही त्याविषयी मराठीत फारसे लेखन आढळत नाही.

हिमनदी स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकते. तिचा वेग बर्फाच्या जाडीवर आणि उतारावर अवलंबून असतो, तसाच तो तिच्या पायाखाली काय आहे यावरही अवलंबून असतो. खाली कोरडा, खडबडीत खडक असेल तर ती अडखळते. पाण्याने भिजलेला मऊ गाळ असेल तर ती वेगाने वाहते. अंटार्क्टिकातील 'हिमप्रवाह' या नावाने ओळखले जाणारे पट्टे आजूबाजूच्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने सरकतात आणि त्या खंडावरील बर्फाचा मोठा भाग समुद्राकडे वाहून नेतात. म्हणून 'खाली काय आहे' हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाही. जगभरच्या किनाऱ्यांच्या भवितव्याशी त्याचा संबंध येतो.

पद्धतीचे स्वरूप

पद्धतीचे तत्त्व साधे आहे. बर्फात उथळ छिद्र घेऊन त्यात लहान स्फोट घडवितात. निघालेली लहर खाली जाते, तळावरून परावर्तित होते आणि पृष्ठभागावर ओळीने मांडलेल्या जिओफोनमध्ये नोंदली जाते. बर्फातून प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३८०० मीटर असतो. त्यामुळे दोन किलोमीटर जाडीच्या बर्फातून खाली जाऊन परत येण्यास तिला एका सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. हा वेळ मोजला की जाडी कळते.

जाडीच्या पुढचा प्रश्न तळाच्या पदार्थाचा आहे. पदार्थाची घनता आणि त्यातील लहरीचा वेग यांच्या गुणाकाराला संरोध म्हणतात. बर्फ आणि तळ यांच्या संरोधात जितका फरक अधिक, तितका प्रतिध्वनी मोठा. तळाचा संरोध बर्फापेक्षा कमी असेल तर परतणाऱ्या लहरीची दिशा उलटते, म्हणजे नोंदीतील शिखराच्या जागी दरी दिसते. बर्फाखाली पाणी असेल तर परावर्तनाचा गुणांक सुमारे उणे ०.४ येतो, कठीण खडक असेल तर तो अधिक ०.५ च्या आसपास असतो, आणि पाण्याने भिजलेला मऊ गाळ असेल तर तो शून्याच्या अगदी जवळ येतो. म्हणजे हिमप्रवाहाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पदार्थच सर्वांत क्षीण उत्तर देतो. गाळ थोडा घट्ट झाला तरी गुणांकाचे चिन्ह बदलते. साधनाचे हे सामर्थ्य आहे, तशीच ती त्याची नाजूक बाजूही आहे.

दुय्यम लहरींची साक्ष यास पूरक ठरते. या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि सैल, पाणथळ गाळातून फार मंद गतीने जातात. दोन्ही लहरींचे वेग एकत्र वाचले की गाळातील पाण्याचे प्रमाण आणि त्यावरील दाब यांचा अंदाज करता येतो.

पूर्वपीठिका

हिमनदीची जाडी या पद्धतीने मोजण्याचा पहिला प्रयोग हान्स मोथेस यांनी १९२० च्या दशकात आल्प्समधील हिंटरआयसफर्नर या हिमनदीवर केला. पुढे आल्फ्रेड वेगेनर यांच्या १९३०-३१ च्या ग्रीनलंड मोहिमेत हे तंत्र हिमचादरीवर वापरले गेले. नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन यांच्या १९४९-५२ च्या संयुक्त मोहिमेत गॉर्डन रॉबिन यांनी अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात दूरवर ही मोजणी नेली. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७-५८) चार्ल्स बेंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीतून पश्चिम अंटार्क्टिकाचा तळ विस्तीर्ण प्रदेशात समुद्रसपाटीच्या बराच खाली असल्याचे स्पष्ट झाले. काही ठिकाणी तर तो सुमारे २५०० मीटर खाली आहे. पश्चिम अंटार्क्टिकाच्या स्थैर्याविषयीची आजची सर्व चिंता या एका निरीक्षणावर उभी आहे.

या टप्प्यापर्यंत लहरीला विचारलेला प्रश्न एकच होता : तळ किती खोल आहे? 'तळ कसा आहे' हा प्रश्न नंतर आला. प्रश्न तयार नसेल तर नोंद हाती असूनही अर्थ हाती येत नाही, याचे उत्तम उदाहरण व्होस्टोक सरोवराचे आहे. आंद्रेई कपित्सा यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये व्होस्टोक केंद्रावर घेतलेल्या नोंदी पुढे सुमारे तीस वर्षे केवळ बर्फाच्या जाडीचा पुरावा म्हणून राहिल्या. रडार आणि उपग्रहांच्या निरीक्षणांमुळे बर्फाखाली सरोवर असल्याची शक्यता बळावली, तेव्हा त्याच जुन्या नोंदी पुन्हा वाचण्यात आल्या, आणि १९९६ मध्ये बर्फाखाली शेकडो मीटर खोल पाणी असल्याचे जाहीर झाले. लहरीने साक्ष दिली होती. ती ऐकणारा प्रश्न मागाहून आला.

१९८६ चे संशोधन : सामर्थ्य

'नेचर' या नियतकालिकात १९८६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोनाल्ड ब्लँकनशिप, चार्ल्स बेंटली, शॉन रूनी आणि रिचर्ड अ‍ॅली यांचे दोन लेख एकापाठोपाठ प्रसिद्ध झाले. विषय होता पश्चिम अंटार्क्टिकातील 'बी' हा हिमप्रवाह. २००१ पासून तो व्हिलन्स या नावाने ओळखला जातो. येथे बर्फाची जाडी सुमारे एक किलोमीटर असून अभ्यासस्थळी तो दिवसाला एक मीटरहून अधिक सरकतो. इतक्या मंद उतारावर इतका वेग कसा, हे कोडे होते.

पहिल्या लेखात मोजमाप आहे. बर्फाखाली सरासरी पाच-सहा मीटर जाडीचा एक थर आढळला. त्यातून प्राथमिक लहर सेकंदाला १७०० मीटरपेक्षा कमी आणि दुय्यम लहर सुमारे १५० मीटर वेगाने जाते. बर्फातून दुय्यम लहर सेकंदाला सुमारे १९०० मीटर जाते, हे लक्षात घेतले की हा थर किती सैल आहे याची कल्पना येते. त्यावरून लेखकांनी हा थर पाण्याने संपृक्त असल्याचे, त्याची सच्छिद्रता सुमारे ४० टक्के असल्याचे आणि त्यातील पाण्याचा दाब वरच्या बर्फाचे जवळजवळ सर्व वजन पेलत असल्याचे दाखविले.

दुसऱ्या लेखात अर्थनिर्णय आहे. एवढ्या वजनाखाली इतका सैल राहिलेला गाळ सतत ढवळला जात असला पाहिजे. म्हणून तो संपूर्ण जाडीभर विरूपण पावतो आणि हिमप्रवाहाचा वेग मुख्यतः त्या विरूपणातून येतो, असा युक्तिवाद लेखकांनी केला. बर्फ गाळावरून घसरत नाही, गाळच बर्फाला वाहून नेतो, असे नवे चित्र उभे राहिले. त्याच अंकात जेफ्री बोल्टन यांनी हिमविज्ञानाची विचारचौकट बदलत आहे काय, असा प्रश्न आपल्या टिपणाच्या शीर्षकातच विचारला.

या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. एक किलोमीटर बर्फाखालचा पाच-सहा मीटरचा थर ओळखणे, त्याच्या पाण्याचा दाब सांगणे आणि हे सर्व एकही छिद्र तळापर्यंत न नेता साधणे, ही असामान्य कामगिरी होती. १९८८-८९ च्या हंगामापासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हर्मन एंगेलहार्ट आणि बार्कले कँब यांच्या गटाने गरम पाण्याच्या झोताने तळापर्यंत छिद्रे नेली, तेव्हा खरोखरच मऊ, भिजलेला गाळ वर आला आणि पाण्याचा दाब बर्फाचे वजन जवळजवळ पेलणाराच निघाला. लहरीने सांगितलेला पदार्थ छिद्रातून जसाच्या तसा हाती लागला.

१९८६ चे संशोधन : मर्यादा

मात्र छिद्रांनी तेवढेच सांगितले नाही. कँब यांनी वर आणलेल्या गाळाच्या चाचण्या केल्या. १९९१ मध्ये त्यांनी दाखविले की हा गाळ मधासारखा वाहत नाही. ताण वाढेल तसा वेग प्रमाणात वाढावा, असे त्याचे वर्तन नाही. विशिष्ट मर्यादेपर्यंत तो टिकून राहतो आणि ती ओलांडताच सुटतो. त्यानंतर वेग कितीही वाढला तरी त्याचा विरोध फारसा वाढत नाही. २००० मध्ये स्लावेक तुलाझिक, कँब आणि एंगेलहार्ट यांनी याच निष्कर्षाला अधिक भक्कम आधार दिला.

त्याहून महत्त्वाचे निरीक्षण १९९८ चे आहे. एंगेलहार्ट आणि कँब यांनी छिद्राच्या तळाशी गाळात एक खुंटी रोवून तिच्या संदर्भात बर्फ किती सरकतो हे मोजले. त्या स्थळी एकूण हालचालीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वरच्या सुमारे तीन सेंटिमीटर जाडीतच घडत होता. म्हणजे पाच-सहा मीटरचा थर होता, पण त्याचा बहुतांश भाग त्या वेळी जवळजवळ स्वस्थ होता.

येथे पद्धतीची मूळ मर्यादा समोर येते. सेकंदाला १५० कंपने असलेली लहर घेतली तर अशा गाळात तिची लांबी सुमारे ११ मीटर भरते. थराच्या दोन कडा स्वतंत्र ओळखू येण्यासाठी त्याची जाडी लहरलांबीच्या सुमारे चतुर्थांश असावी लागते, म्हणजे जवळपास तीन मीटर. अधिक कंपनांची लहर वापरून ही मर्यादा काहीशी खाली आणता येते; पण तीन मीटर आणि तीन सेंटिमीटर यांत शंभरपट अंतर आहे. ज्या पट्ट्यात प्रत्यक्ष घसरण घडते तो पट्टा लहरीला दिसतच नाही. त्यामुळे संपूर्ण थर विरूपण पावतो हे विधान मोजमापातून आलेले नव्हते. सैल गाळाचे एक संभाव्य कारण एकमेव कारण मानले गेल्याने ते आले होते.

हा आक्षेप एका बाजूने ताणणेही योग्य नाही. 'डी' या हिमप्रवाहावर, म्हणजे आजच्या बिंडशॅडलर प्रवाहावर, कँब यांना गाळाच्या खोल विरूपणाचा मोठा वाटा आढळला. एका छिद्राचा निष्कर्ष संपूर्ण प्रवाहाला लावणे हीसुद्धा तितकीच घाईची गोष्ट ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोष कोणत्याही एका गटाचा नाही. मऊ तळ आणि विरूपण पावणारा तळ हे दोन शब्दप्रयोग समानार्थी मानण्याची सवय पुढील लेखनात रुजली, हा खरा दोष आहे. पहिला शब्दप्रयोग पदार्थाविषयी आहे, दुसरा वर्तनाविषयी.

एकच गाळ, भिन्न वर्तन

या भेदाचा सर्वांत बोलका पुरावा 'बी' च्या शेजारीच आहे. 'सी' हा हिमप्रवाह, जो आता कँब यांच्याच नावाने ओळखला जातो, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ थांबला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूकंपीय अभ्यासात त्याच्याखालीही मऊ गाळ असल्याचे दिसून आले. एक प्रवाह वेगाने वाहतो, दुसरा थबकलेला आहे, आणि दोहोंखाली मऊ गाळ आहे. केवळ पदार्थावरून वर्तन ठरत असते तर असे घडले नसते. पाणी कोठून येते, कोठे वळते, गाळात कोठे घट्ट ठिपके आहेत, यावर बरेच अवलंबून असते.

श्रीधर आनंदकृष्णन आणि बेंटली यांनी त्याच वर्षी वेगळी वाट दाखविली. त्यांनी स्फोट न करता तळातून आपोआप उठणारे सूक्ष्म कंप ऐकले. थबकलेल्या 'सी' खाली असे कंप वेगवान 'बी' पेक्षा कितीतरी अधिक आढळले. जेथे बर्फ अडतो आणि तुटून सुटतो तेथून कंप उठतात. जेथे तो सहज सरकतो तेथे शांतता असते. स्फोटाची लहर पदार्थाची साक्ष देते, तर तळातून उठणारा कंप वर्तनाची साक्ष देतो.

पुढे हेही दिसले की 'बी' प्रवाहाचा खालचा भाग संथपणे वाहत नाही. तो दिवसातून सुमारे दोन वेळा अचानक झेप घेतो. अर्ध्या तासाच्या आसपास तो जवळजवळ अर्धा मीटर पुढे जातो आणि पुन्हा थांबतो. २००८ मध्ये डग्लस वीन्स आणि सहकाऱ्यांनी या हालचालीच्या लहरी दूरवरच्या केंद्रांवरही ओळखल्या आणि तिचे परिमाण ७ तीव्रतेच्या भूकंपाइतके असल्याचे दाखविले. मऊ गाळावरील प्रवाह मधासारखा वाहतो, या कल्पनेला याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही.

पुनर्मोजणीचा धडा

एकदा घेतलेली नोंद ही एका क्षणाची प्रतिमा असते. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या अँड्र्यू स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रटफर्ड हिमप्रवाहावर एकाच रेषेवर १९९१, १९९७ आणि २००४ मध्ये मोजणी केली. पहिल्या सहा वर्षांत तळ एके ठिकाणी सुमारे सहा मीटर झिजला होता. नंतरच्या सात वर्षांत ती झीज थांबली आणि तेथे सुमारे दहा मीटर उंच व शंभर मीटर रुंद असा गाळाचा उंचवटा तयार झाला. सुमारे दोन किलोमीटर बर्फाखालचे भूरूप एका दशकात घडताना प्रथमच नोंदले गेले.

पद्धतीच्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे. येथे वर्तनाविषयीचे विधान एका प्रतिमेवरून तर्काने काढलेले नाही. दोन प्रतिमांमधील फरकातून ते मिळाले आहे. ८ जानेवारी २०१९ रोजी याच प्रवाहावर २१५२ मीटर खोल छिद्र तळापर्यंत नेण्यात यश आले. लहर, पुनर्मोजणी आणि वेधन या तिन्ही साक्षी एकाच प्रवाहाविषयी उपलब्ध असणे, हा यापुढील अभ्यासाचा आदर्श मानता येईल.

प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व

हा वाद केवळ तज्ज्ञांपुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. समुद्रपातळीचे भाकीत करणाऱ्या गणिती प्रतिमानांना तळाच्या घर्षणाचा एक नियम द्यावा लागतो. तळ मधासारखा वागतो असे मानले तर बर्फ वेगाने सरकू लागताच तळाचा विरोधही वाढतो आणि हालचालीला काहीसा लगाम बसतो. गाळ मर्यादेनंतर सुटतो असे मानले तर हा लगाम बसत नाही. बर्फाची पीछेहाट अधिक वेगाने होऊ शकते. लुकास झोएट आणि नील आयव्हर्सन यांनी २०२० मध्ये प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून मऊ तळासाठी जो घर्षणनियम मांडला, तो दुसऱ्या पर्यायाच्या जवळ जाणारा आहे.

थ्वेट्स हिमनदीच्या संदर्भात हा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो. ही एक हिमनदी पूर्णपणे वितळल्यास जगातील समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल, असा अंदाज आहे. तेथील भूकंपीय मोजणीत तळ एकसारखा आढळला नाही; कठीण आणि मऊ पट्टे आलटून पालटून दिसले. म्हणजे एकच नियम संपूर्ण तळाला लावणे धोक्याचे आहे. कोकण आणि गोव्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाच्या नातवंडांच्या वाट्याला येणारे पाणी काही अंशी या गाळाच्या स्वभावावर अवलंबून आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

भारतीय संदर्भ

भारताचे ध्रुवीय संशोधन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते. मैत्री आणि भारती ही आपली अंटार्क्टिकातील केंद्रे बर्फमुक्त खडकाळ भूमीवर उभी आहेत. हिमालयातील हिमनद्यांची जाडी मोजण्यासाठी आपल्याकडे मुख्यतः रडारचा वापर झाला आहे. रडार वेगवान आणि सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु पाण्याने भिजलेल्या गाळात रडारचे तरंग फारसे शिरत नाहीत. बर्फ कोठे संपतो हे ते उत्तम सांगतात, त्याखाली काय आहे हे सांगताना ते अडखळतात. हिमालयातील चढ-उतार, दगडगोट्यांचे आवरण आणि वाहतुकीच्या अडचणी यांमुळे स्फोटाधारित मोजणी तेथे कष्टाची आहे. अशा वेळी तळाचे नैसर्गिक कंप ऐकण्याची पद्धत अधिक व्यवहार्य ठरू शकेल. तिला जड सामग्री कमी लागते, मात्र दीर्घकाळ टिकणारी उपकरणे आणि चिकाटी लागते.

निष्कर्ष

१. परावर्तित भूकंपलहर हिमतळाच्या पदार्थाविषयी विश्वसनीय माहिती देते. १९८६ चे मोजमाप पुढील वेधनाने सिद्ध झाले.

२. त्याच माहितीवरून काढलेले वर्तनविषयक अनुमान तितके टिकले नाही, कारण हालचालीचा पट्टा लहरीच्या दृष्टिक्षमतेपेक्षा कितीतरी पातळ होता.

३. मऊ तळ आणि विरूपण पावणारा तळ या संज्ञा स्वतंत्र ठेवणे आवश्यक आहे. अध्यापनातही हा भेद स्पष्ट करावा.

४. वर्तनाची साक्ष नैसर्गिक कंप, पुनर्मोजणी आणि वेधन यांतून मिळते. यांपैकी किमान एकाची जोड नसलेले वर्तनविषयक विधान तात्पुरते मानावे.

५. घर्षणनियमाची निवड समुद्रपातळीच्या भाकितावर परिणाम करते. म्हणून भाकितांसोबत कोणता नियम गृहीत धरला आहे हे वाचकाला सांगितले गेले पाहिजे.

भौतिकशास्त्र, भूगोल आणि भूशास्त्र हे विषय आपल्या महाविद्यालयांत वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात. लहरीचा वेग एका वर्गात, हिमनदीची भूरूपे दुसऱ्या वर्गात आणि गाळाची सच्छिद्रता तिसऱ्या वर्गात शिकून विद्यार्थी बाहेर पडतो. 'बी' हिमप्रवाहाची ही कथा तिन्ही वर्गांत एकत्र शिकविता येण्यासारखी आहे. तिच्यातून लहर, बर्फ आणि गाळ तर कळतीलच. शिवाय मोजलेले कोणते आणि मानलेले कोणते, हे वेगळे ओळखण्याची सवयही विद्यार्थ्याला लागेल.